माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन : पेशवाई बुडविणारा साहेब आणि आमचे शिक्षण

वाचकहो, आपल्यापैकी जे कोणी साताऱ्यास जातात ते राजवाड्यासमोर क्षणभर तरी थांबतातच. पाठीशी अजिंक्यतारा आणि समोर छत्रपती प्रतापसिंहांचा जुना वाडा. या वाड्यात भरणाऱ्या सरकारी इंग्रजी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींच्या भिवाचे नाव दाखल झाले, हे आपणांस तोंडपाठ आहे. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून विद्यार्थी दिन सुरू केला. त्या मुलाला वर्गात घरून आणलेल्या तरटावर एका बाजूला बसावे लागे आणि शिपाई हजर नसेल तर तहानलेले राहावे लागे, हेही आपण लेकराबाळांना सांगत आलो आहोत.

पण एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. शाळा सरकारी होती. सरकार इंग्रजांचे होते. पेशवाई १८१८ साली बुडाली होती. मग तब्बल ८२ वर्षांनी, इंग्रज सरकारच्या शाळेत, इंग्रजी पलटणीत सुभेदार झालेल्या माणसाचा मुलगा तरटावर का?

या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर एका माणसाच्या चरित्रात सापडते. पेशवाई बुडविण्यात पुढाकार घेणारा तोच, साताऱ्याची गादी पुन्हा मांडणारा तोच, सांगलीकर पटवर्धनांची जहागीर राखणारा तोच आणि मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणाचा पाया घालणाराही तोच. त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. बाबासाहेब ज्या हायस्कुलात आणि ज्या कॉलेजात शिकले, त्या दोन्हींना याच साहेबाचे नाव. (मुंबईच्या ज्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचे २०१८ साली प्रभादेवी असे नामांतर झाले, त्याचे जुने नाव मात्र याचे नव्हे, ते याच्या पुतण्याचे. त्या पुतण्याशीही आपला हिशोब आहे, तो पुढे येईल.)

एल्फिन्स्टनचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडमधील एका उमराव घराण्यात झाला. अकरावा लॉर्ड एल्फिन्स्टन याचा तो चौथा मुलगा. विलायतेतील उमरावांची रीत अशी की किताब आणि जमीनजुमला थोरल्या मुलाकडे जायचा. धाकट्यांनी लष्करात, चर्चमध्ये किंवा ईस्ट इंडिया कंपनीत आपले नशीब काढायचे. एल्फिन्स्टनचा एक चुलता कंपनीचा डायरेक्टर होता. वशिला तयारच होता. आपल्याकडे वतनदारी होती तशी ही त्यांच्याकडची वतनदारीच म्हणायची.

त्याचा बाप एडिंबरोच्या किल्ल्याचा गव्हर्नर होता. फ्रान्समध्ये राज्यक्रांती चालू होती, आणि किल्ल्यात फ्रेंच कैदी ठेवलेले असत. हा पोरगा त्या कैद्यांत मिसळे, त्यांची क्रांतीची गाणी मोठ्याने म्हणे आणि क्रांतिकारकांसारखे केस लांब वाढवी. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द उमरावाच्या या पोराच्या कानांवर असे लहानपणीच पडले. हे ध्यानात ठेवा.

१७९६ साली, सोळा वर्षांचा असताना, तो कलकत्त्यास उतरला. नेमणूक बनारसला. तेथे १७९९ च्या जानेवारीत अयोध्येचा पदच्युत नबाब वझीर अली याने इंग्रज अधिकाऱ्यांची कत्तल केली, तेव्हा एल्फिन्स्टन घोड्यावर बसून निसटला म्हणून वाचला. बनारसलाच त्याला फारसीची आणि वाचनाची गोडी लागली. पुढे आयुष्यभर तंबूत असो की बंगल्यात, पहाटे उठून ग्रीक आणि फारसी ग्रंथ वाचायचे, मग घोड्यावर मांड टाकून रानडुकरांच्या शिकारीला जायचे, असा त्याचा क्रम राहिला. लग्न त्याने केले नाही. माणूस मनाने हळवा, रोजनिशीत स्वतःचे दोष काढणारा आणि पैशाच्या बाबतीत स्वच्छ होता. कंपनीच्या नोकरांत अशी माणसे फार नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

१८०१ साली त्याची पुण्याच्या रेसिडेन्सीत नेमणूक झाली. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीच्या छावणीत होता. असई आणि आडगाव येथील रणे त्याने वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर बसून पाहिली. याने शिपाईच व्हायला हवे होते, असे वेलस्लीने त्याच्याविषयी मत दिल्याचे सांगतात. पुढे चार वर्षे नागपूरला रेसिडेंट. १८०८ साली काबूलच्या दरबारी वकील म्हणून गेला. काबूलपर्यंत पोहोचला नाही, पेशावरलाच शाह शुजाची भेट झाली. पण त्या प्रवासातून अफगाणांविषयीचा जो ग्रंथ त्याने १८१५ साली छापला तो त्या विषयावर पुढे कित्येक वर्षे प्रमाण मानला गेला.

१८११ साली तो पुण्याचा रेसिडेंट झाला. वय अवघे ३१. समोर दुसरा बाजीराव.

बाजीरावाच्या पुण्यात अस्पृश्यांची काय दशा होती ते बाबासाहेबांनी जातिभेदनिर्मूलनाच्या आपल्या निबंधात नमूद केले आहे. पावले पुसण्यासाठी कमरेला झाडू आणि थुंकीसाठी गळ्यात मडके. त्याच पुण्यात संगमावर, मुळा-मुठेच्या काठी, एल्फिन्स्टनची रेसिडेन्सी होती. पेशव्यांच्या दरबारचे बारीकसारीक वर्तमान त्याला रोज कळे. ते पुरविणाऱ्या मंडळींत बाळाजीपंत नातू अग्रभागी होते. पेशवाई बुडाली ती परक्यांनी बुडविली असे आपल्याला शाळेत शिकवितात. तिच्या शनिवारवाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांचे निशाण चढविणारा माणूस कोणत्या वर्णाचा होता, हे मात्र शिकवीत नाहीत.

सांगलीशी एल्फिन्स्टनचा संबंध येतो तो येथेच. कृष्णाकाठचे पटवर्धन हे पेशव्यांचे मोठे जहागीरदार. बाजीरावाला त्यांच्या जहागिऱ्या गिळायच्या होत्या. १८१२ साली पंढरपूरला एल्फिन्स्टनने मध्यस्थी केली : जहागीरदारांनी पेशव्यांची चाकरी करावी, आणि जहागिरीची शाश्वती कंपनीने द्यावी. या एका करारात त्याचे सगळे राजकारण दिसते. वरच्या माणसाचे जे आहे ते त्याच्याकडे राहू द्यावे, म्हणजे तो आपला होतो. सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब मानी गृहस्थ होते, इंग्रजांची चाकरी करण्यास त्यांनी नकार दिला. तरीही १८१९ च्या तहाने त्यांची जहागीर त्यांच्याकडे राहिली आणि चाकरीच्या बदल्यात पुढे त्यांच्याकडून काही मुलूख घेऊन साहेबाने विषय मिटविला. सांगली संस्थान पुढे भारतात विलीन होईपर्यंत टिकले ते या पायावर.

बाजीरावाशी बिघाड होण्याचे निमित्त झाले ते १८१५ साली पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला तेव्हा. त्रिंबकजी डेंगळ्याला ठाण्यास कैद, तेथून त्याचे पलायन, १८१७ च्या जूनमधला पुण्याचा तह, हे सारे आपण इतिहासात वाचले आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जाळण्यात आली आणि एल्फिन्स्टनची पुस्तके व हस्तलिखिते राख झाली. लढाईच्या धुमाळीत त्याला सर्वांत चटका लागला तो या राखेचा.

नंतर १ जानेवारी १८१८. भीमा कोरेगाव. मी या लढाईची हकिगत येथे सांगत बसत नाही. ज्याला ती ठाऊक नाही असा आपला वाचक नसेल. एवढेच सांगतो की लढाईनंतर दोनच दिवसांनी, ३ जानेवारीला, एल्फिन्स्टन स्वतः कोरेगावात आला होता. जळलेली घरे, माणसांच्या आणि घोड्यांच्या प्रेतांनी भरलेल्या गल्ल्या त्याने पाहिल्या आणि तसे लिहून ठेवले. तेथील जयस्तंभाचा पायाही त्याच्याच कारकिर्दीत, २६ मार्च १८२१ रोजी घातला गेला. त्या स्तंभावर पायदळाच्या मृत शिपायांची जी ४९ नावे आहेत त्यांतील २२ नावे ‘नाक’ प्रत्ययाची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या स्तंभाला मानवंदना दिली.

कोरेगावानंतर फौजा साताऱ्याकडे वळल्या. १० फेब्रुवारी १८१८ रोजी अजिंक्यतारा फारसा प्रतिकार न होता हाती आला, आणि दुसऱ्याच दिवशी, ११ फेब्रुवारीला, एल्फिन्स्टनने प्रसिद्ध ‘साताऱ्याचा जाहीरनामा’ काढला. बाजीरावाचे राज्य खालसा झाले. साताऱ्याच्या छत्रपतींना काही मुलूख तोडून दिला जाईल. वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने, धर्मादाय जसेच्या तसे चालतील. प्रत्येकाच्या धर्माचे रक्षण होईल. मक्त्याने सारा गोळा करण्याची पद्धत बंद होईल. बाजीरावाच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांत घरी परतावे. असा त्याचा सारांश.

वाचकहो, हा जाहीरनामा आपण सावकाश वाचला पाहिजे. रयतेला मक्तेदारांच्या तावडीतून सोडविले, ही गोष्ट चांगली झाली. पण वतने चालतील म्हणजे काय? पाटलाचे पाटीलपण चालेल, कुलकर्ण्याचे दप्तर चालेल, आणि महाराची महारकीही चालेल. वेठ चालेल. रात्री-अपरात्री साहेबाचे आणि मामलेदाराचे ओझे वाहणे चालेल. धर्माचे रक्षण होईल म्हणजे काय? देवळात ज्याला प्रवेश आहे त्याला राहील आणि ज्याला नाही त्याला नाही. ज्यांना वतने-वर्षासने होती त्यांना तो जाहीरनामा अभयपत्र वाटला. ज्यांना गावाबाहेर ठेवले होते त्यांना, तुम्ही आहात तेथेच राहा, असा त्याचा अर्थ झाला. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले. ती वतने प्रत्यक्षात कायद्याने गेली १९५८ साली. साताऱ्याच्या जाहीरनाम्यापासून १४० वर्षे!

त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि बाजीरावाच्या छावणीत नजरकैदेत असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. १० एप्रिल १८१८ रोजी एल्फिन्स्टनने त्यांना साताऱ्यास समारंभपूर्वक गादीवर बसविले. १८१९ च्या तहाने त्यांना नीरेपासून वारणा-कृष्णेपर्यंतचा मुलूख मिळाला. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यात येत होता. १९४९ साली संस्थाने मिळवून जो दक्षिण सातारा जिल्हा केला आणि १९६० साली ज्याला सांगली हे नाव दिले, त्याची पूर्वपीठिका ही अशी आहे. राजाजवळ कॅप्टन ग्रँट डफ या तरुण अधिकाऱ्याला नेमले. त्यानेच पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिला. प्रतापसिंह बुद्धिमान, कष्टाळू राजे निघाले. पण १८३९ साली कंपनीने त्यांनाच कटाच्या आरोपावरून पदच्युत करून काशीला पाठविले, आणि १८४७ साली ते तेथेच वारले. एल्फिन्स्टन तेव्हा विलायतेत होता.

पेशवाई बुडाली तरी साहेबाच्या मनातील धास्ती गेली नव्हती. पुण्यात इंग्रजांना ठार मारण्याचा एक कट उघडकीस आला, तेव्हा या ग्रीक काव्यांच्या रसिकाने पुढाऱ्यांना तोफेच्या तोंडी दिले. दुसऱ्या हाताने त्याने पुण्याच्या ब्राह्मणांना राजी राखण्याचा उद्योग सुरू केला. पेशवे श्रावणात जी दक्षिणा वाटीत, तिच्यापैकी वर्षाला सुमारे ५० हजार रुपये चालू ठेवले. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, म्हणजे त्याच्या वाढदिवशी, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारी खर्चाने संस्कृत पाठशाळा उघडली. विद्यार्थी कोण? ब्राह्मण. पैसा कोणाचा? सातारा-सांगलीपासून खानदेशापर्यंतच्या कुणब्याने नांगर धरून भरलेल्या साऱ्याचा. ही तक्रार माझी नाही; १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी सरकारच्या शिक्षणखात्याविरुद्ध हीच फिर्याद मांडली. फुल्यांचे मूळ गाव साताऱ्याकडचे कटगुण, आणि त्यांचा जन्म १८२७ सालचा, एल्फिन्स्टनने मुंबई सोडली त्याच वर्षीचा.

१ नोव्हेंबर १८१९ रोजी एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि बरोबर आठ वर्षे त्या खुर्चीवर राहिला. त्याआधी आठवडाभर त्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी जो अहवाल पाठविला त्यात गावगाड्याचे वर्णन आहे. प्रत्येक गाव म्हणजे एक लहानसे राज्यच, आपले आपण चालणारे, असे त्याला वाटले. ते त्याला फार आवडले. त्या राज्यात गावकुसाबाहेर कोण राहतो आणि का, याने मात्र त्याची झोप उडाली नाही. १८२७ साली त्याने इलाख्याचे कायदे एकत्र केले. त्यांतील दुसऱ्या रेग्युलेशनाने दिवाणी कोर्टांना जातीच्या प्रश्नांत हात घालण्यास मनाई केली. जात ही पेशव्यांच्या काळी रूढी होती. आता तिच्याभोवती इंग्रजी कायद्याचे कुंपणही पडले.

आता शिक्षणाकडे येऊ. येथे एल्फिन्स्टनचे ऋण मोठे आहे, ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. मराठीत शाळा काढाव्यात, मराठीत पुस्तके छापावीत, मास्तर तयार करावेत, यासाठी त्याने कौन्सिलातल्या कंजूष सहकाऱ्यांशी भांडण केले. मुंबईत यासाठी मंडळी स्थापन झाली, छापखान्यांतून मराठी पुस्तके बाहेर पडू लागली. एक गोष्ट सांगतात. त्याच्या तंबूत मराठी पुस्तकांचा ढीग पाहून एका लष्करी अधिकाऱ्याने विचारले, हे कशाला? तो म्हणाला, या लोकांना शिकविण्यासाठी. पण हाच आपला विलायतेला परत जाण्याचा हमरस्ता आहे. शिकलेला मनुष्य गुलाम राहत नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते.

ठाऊक होते, म्हणूनच पुढची गोष्ट अधिक खुपते.

१८२३-२४ च्या सुमारास त्याने शिक्षणाविषयी एक विस्तृत टिपण लिहिले. त्यात तो म्हणतो की मिशनऱ्यांना अगदी खालच्या जातींतील मुले सर्वांत चांगले विद्यार्थी असल्याचे आढळते. एक इंग्रज गव्हर्नर १८२३ साली सरकारी कागदावर हे लिहितो! अस्पृश्याला बुद्धी नसते असे जे म्हणत त्यांच्या तोंडावर ही चपराकच होती. पण पुढच्याच ओळीत साहेब कच खातो. या वर्गाला खास उत्तेजन देताना आपण जपून राहिले पाहिजे, असे तो म्हणतो. का? तर ते समाजात सर्वांत तुच्छ लेखलेले आहेत आणि संख्येनेही थोडे आहेत. शिक्षणाचे मूळ आधी त्यांच्यात रुजले तर ते वर पसरणार नाही. मग आपल्या हाताशी उरेल तो ज्ञानाने इतरांहून सरस पण इतरांच्या तिरस्काराचा विषय झालेला एक नवा वर्ग. केवळ सैन्याच्या किंवा लोकांतील एखाद्या भागाच्या बळावर राज्य करायचे असते तर तेही चालले असते, पण राज्याचा पाया अधिक रुंद करायचा असेल तर हे परवडणार नाही. असा त्याचा हिशोब.

वाचकहो, यातील एकेक गोष्ट तपासून पाहा. संख्येने थोडे? ज्याने कोरेगावपासून साताऱ्यापर्यंत घोड्यावरून मुलूख तुडविला त्याला, गाव तेथे महारवाडा ही म्हण कोणी सांगितली नाही काय? सैन्याच्या बळावर राज्य करायचे नाही म्हणे. पण ज्या सैन्याच्या बळावर तो गव्हर्नर झाला होता त्यात कोण होते, ते स्तंभावर कोरलेले आहे. लढायला चालतात, बुके शिकवायला चालत नाहीत. आणि शिक्षण खालून वर पसरत नाही, हे तरी कशावरून? शंभर वर्षांनी, १९२४ साली, त्याच साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवणारे वसतिगृह काढले. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग मुले एका पंगतीला बसून जेवली. भाऊरावांचे बालपण वाळवे तालुक्यातील, म्हणजे पुन्हा सांगलीकडचेच. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष आज आपण पाहतोच. साहेबाचे अनुमान चुकले होते. ते तपासून पाहण्याचे धैर्य त्याच्यापाशी नव्हते, एवढेच.

एल्फिन्स्टन दुष्ट होता असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे सोपे आहे, आणि खोटेही आहे. तो त्या काळच्या साहेबांत सर्वांत विद्वान, उदार आणि निर्लोभी होता. म्हणूनच त्याचे टिपण गंभीर ठरते. नीच माणसाने आपल्याला डावलले तर आपण ते समजू शकतो. एडिंबरोच्या किल्ल्यात समतेची गाणी गाणाऱ्याने, आपली मुले सर्वांत हुशार आहेत हे ठाऊक असताना, वरच्यांना काय वाटेल म्हणून आपल्याला बाजूला ठेवले.

नोव्हेंबर १८२७ मध्ये त्याने मुंबई सोडली. त्याच्या गौरवासाठी मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमविला, आणि त्यातून विलायती विद्या शिकविणारे अध्यापक नेमायचे ठरले. त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली आणि तीतून हायस्कूल व कॉलेज. एखाद्या गव्हर्नराचे याहून चांगले स्मारक क्वचितच झाले असेल. टाउन हॉलमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे तो वेगळाच. मायदेशी त्याने गव्हर्नर जनरलचे पद देऊ केले असता नाकारले, प्रकृतीचे कारण सांगितले, आणि पुस्तकांत रमला. १८४१ साली हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला.

तो सरे परगण्यात आपल्या घरी वाचीत बसला असताना इकडे त्याच्या टिपणाचे फळ पिकत होते. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. नाकारला गेला. मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, आपल्या चरित्रनायकाचा सख्खा पुतण्या. २१ जुलै १८५६ च्या सरकारी निर्णयात म्हटले की तात्त्विक न्याय या मुलाच्या बाजूने आहे हे खरे. पण एका मुलासाठी इतरांनी शाळा सोडावी असे करता येणार नाही, शतकानुशतकांचे ग्रह एकदम मोडता येत नाहीत. चुलत्याने टिपणात लिहिले ते पुतण्याने निर्णयात उतरविले. पुढे १८५८ साली कंपनीच्या डायरेक्टरांनी, सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत, असे बजावले. पण हुकूम विलायतेत निघतो आणि तरट साताऱ्यात अंथरले जाते. त्या मुलाला नाकारले गेले त्याच्या चार वर्षे आधी, १८५२ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात महार-मांगांच्या मुलांची शाळा काढली होती. त्यांच्याजवळ ना सैन्य होते, ना तिजोरी.

२० नोव्हेंबर १८५९ रोजी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन वारला. वय ८०. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्येही त्याचा पुतळा बसविला गेला.

साताऱ्याहून रामजीबाबा मुलांना घेऊन मुंबईस परळला आले, आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाला. एकदा गणिताच्या तासाला मास्तरांनी त्याला फळ्याकडे बोलाविले, तेव्हा वर्गातील मुले धावली आणि फळ्यामागे ठेवलेले आपले डबे त्यांनी आधी बाजूला काढले. संस्कृत शिकायची त्याची इच्छा होती. ती पुरी होऊ दिली नाही, म्हणून त्याने फारसी घेतली. संस्कृत पाठशाळेला सरकारी तिजोरी उघडणाऱ्या साहेबाच्या नावाच्या हायस्कुलात हे झाले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. तेथे प्रोफेसर म्युलर यांनी त्याला पुस्तके दिली, कपडे दिले. तेही येथे नोंदविले पाहिजे. हॉटेलवाल्याने मात्र चहापाणी दिले नाही.

२९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनसाठी मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत तयार केली. त्यासाठी त्यांनी सरकारी दप्तरातील जुने कागद बाहेर काढले. त्यांत धारवाडच्या मुलाचे प्रकरण होते, आणि एल्फिन्स्टनचे ते टिपणही होते. ते त्यांनी जसेच्या तसे कमिशनपुढे ठेवले.